बॅटल रॅप: अटीतटीच्या लढतीचा निकाल

वाचकांचे प्रश्न

गॅदरिंगचा मोसम सरता सरता आलेल्या पत्रांत या वेळी बॅटल रॅपच्या, म्हणजे दोन रॅपरांनी एकमेकांवर ओळी टाकून लढायच्या सामन्यांच्या, निकालांवरची पत्रे बरीच आहेत. दोन्ही रॅपर लेखणीचे पक्के, फरक केसाएवढा आणि निकाल ऐकून अर्धा हॉल उभा, असाच बहुतेकांचा मामला आहे. नावे वगळून त्यातली काही पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या फायनलमध्ये ९० सेकंदांच्या तीन फेऱ्या झाल्या, बीटशिवाय (मागे ताल न वाजवता). ‘अ’च्या यमकांची वीण एकदम घट्ट. ‘ब’ साधं लिहितो, पण समोरच्याची ओळ तिथल्या तिथे उलटवतो. एकूण १२० पैकी पहिल्या जजने ८४–८३, दुसऱ्याने ८२–८१ असे ‘अ’ला झुकते गुण दिले. तिसऱ्याने ७६–८८ असे ‘ब’ला. आम्ही दोन विरुद्ध एक मतांनी ‘अ’ला विजयी केलं. पोरं म्हणतात, बेरीज करा, ‘ब’ जिंकतो. खरं काय? (विद्यार्थी संयोजक, सक्करदरा)

उत्तर: पोरांची बेरीज बरोबर आहे: ‘अ’ २४२, ‘ब’ २५२. पण ती काय सांगते ते पाहा. दोन जजांना मिळून ‘अ’ दोन गुणांनी सरस वाटला, एकट्या तिसऱ्याला ‘ब’ बारा गुणांनी. बेरजेवर निकाल लावला की तिसऱ्याचं एक मत बाकी दोघांच्या मतांवर सहापट भारी पडतं. तो जास्त जाणकार आहे म्हणून असं होत नाही. गुण देताना त्याचा हात सैल आहे, म्हणून होतं. काही जज फेरीच्या ४० पैकी २६ ते ३० च्या पुढे-मागे सरकतच नाहीत, काही १८ पासून ३८ पर्यंत फिरतात. म्हणून एका जजचं पत्रक म्हणजे एक मत धरावं आणि बहुमताने निकाल लावावा. गुण जजला स्वतःचं मत ठरवण्यासाठी असतात. तुमचा निकाल या रीतीने योग्य आहे, पण एका अटीवर: ही रीत लढतीआधी माईकवरून जाहीर झालेली हवी. झाली नसेल तर तक्रार रास्त आहे. लढत संपल्यावर मोजणीची पद्धत निवडली, तर कुठलाही निकाल ठरवून दिल्यासारखाच दिसतो.

हाच घोळ एकाच जजच्या पत्रकातही होतो. समजा फेऱ्यांचे गुण ३१–३०, ३२–३१ आणि २७–३४ असे पडले. फेऱ्या मोजल्या तर ‘अ’ दोन-एकने पुढे, बेरीज केली तर ‘ब’ ९५–९० ने पुढे. आमचा कौल फेऱ्यांच्या बाजूने आहे. ज्याने तीनपैकी दोन फेऱ्या नेल्या त्याने लढत नेली, हे रॅपरला, जजला आणि प्रेक्षकाला एकसारखं समजतं. मुष्टियुद्धातल्यासारखी १०–९ ची पद्धत काही जण वापरतात आणि एकतर्फी फेरीला १०–८ देतात. तिच्यात दोन फेऱ्या १०–९ ने नेणारा आणि एक फेरी ८–१० ने हरणारा २८–२८ वर अडकतो, म्हणजे बरोबरी होते. जज नवखे असतील तर या भानगडीत पडू नये.

आता या लढतीमागचा मूळ प्रश्न: यमकांची वीण मोठी की पलटवार, म्हणजे समोरच्याची ओळ उलटवणं? एक नमुना इथेच रचून दाखवतो. पहिला म्हणतो:

*झिरो माईलचा खांब तू, रस्ते साऱ्यायले सांगतो,*
*दुनिया गेली पुढं अन् तू जागेवरच थांबतो.*

पुढच्या मिनिटात दुसरा परत देतो:

*खांब म्हण का दगड म्हण, मोजणी माह्यापासून होते भाऊ,*
*मी हाय शून्यावर, तू सांग, किती मैल दूर तुहं गाव?*

पहिल्या जोडीत प्रतिमा नागपूरची आहे (झिरो माईल हा तिथला अंतरं मोजण्याचा जुना खांब), दोन ओळींत पुरी होते आणि थेट समोरच्यावर बसते. यमकाकडे मात्र जरा बारकाईने बघावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘करतो–जातो–येतो’ किंवा ‘गेला–केला–आला’ ही यमकं फुकटात पडतात. त्यांना गुण देऊ नयेत. हिंदीतल्या ‘है–है’ आणि ‘हूँ–हूँ’लाही हाच नियम. ‘सांगतो–थांबतो’मध्ये ‘तो’च्या आधीचा ‘आं’सुद्धा जुळलाय, म्हणून थोडं द्यावं, फार नाही. खरी वीण ‘रामटेक’ला ‘काम ठेव’ जुळवण्यात असते: चार अक्षरांचे आ-अ-ए-अ हे स्वर एकामागे एक बसतात आणि ‘म’ सोडून व्यंजनं वेगळी राहतात. अशी जुळणी चार-सहा ओळी टिकली आणि अर्थही पुढे सरकत राहिला, तर मजकुराचे पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. अर्थ थांबून नुसता नाद उरला तर ती कसरत झाली; समोरच्याला तिने काही लागत नाही.

दुसऱ्या जोडीत ‘भाऊ–गाव’ हे यमक कच्चं आहे. पण दुसऱ्या रॅपरने पहिल्याचीच प्रतिमा घेतली, खोडली नाही, तिचा अर्थ फिरवला आणि शेवटी समोरच्याकडेच प्रश्न टाकला. पहिली जोडी आता त्याच्या नावावर जमा झाली. हे प्रेक्षकांसमोर, मिनिटाच्या आत घडलं. अशा एका पलटवाराला आम्ही दोन चांगल्या लिहून आणलेल्या पंचांइतकं (पंच म्हणजे समोरच्याला लागणारी ओळ) मोल देऊ. मात्र अख्ख्या फेरीत असा एकच वार असेल आणि बाकी ऐंशी सेकंद भरणा (नुसत्या वेळ भरणाऱ्या ओळी) असेल, तर फेरी वीणवाल्याचीच.

फेरीच्या ४० गुणांची वाटणी आम्ही अशी सुचवू: मजकूर १५ (वीण, श्लेष, प्रतिमा, रचना), नेम आणि पलटवार १५ (ओळ याच माणसाला लागू होते का, की कुणालाही म्हणता आली असती?), सादरीकरण १० (उच्चार, श्वास, थांबे, डोळ्याला डोळा). टाळ्यांसाठी वेगळा रकाना ठेवू नये. त्याबद्दल खाली आलंच आहे.

पत्रक भरण्याची रीत यापेक्षाही महत्त्वाची. प्रत्येक फेरीला अर्धं पान आणि दोन उभे रकाने. ओळी लिहीत बसायचं नाही, नुसत्या खुणा करायच्या: चांगल्या ओळीला तिरपी रेघ, बसलेल्या पंचाला अधिक चिन्ह, पलटवाराला ‘प’, भरण्याला ‘भ’, अडखळीला ‘अ’. लक्षात ठेवण्याजोग्या पंचाचा एखादा शब्द शेजारी टिपायचा. फेरी संपली की होस्टने ३० सेकंद गप्प राहायचं. तेवढ्यात जजने गुण आणि फेरीचा विजेता लिहून कागद घडी घालून स्वयंसेवकाकडे द्यायचा. कागद हातातून गेलाच पाहिजे. तो जवळ राहिला की तिसऱ्या फेरीच्या गोंगाटानंतर जज पहिल्या फेरीचे आकडे बदलतो. तो लबाड नसतो, पहिल्या फेरीचा आवाज त्याच्या कानात उरलेला नसतो. अटीतटीच्या लढतीतले बहुतेक चुकीचे निकाल इथेच जन्मतात, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न: एका स्पर्धकाच्या बाजूने दोन ट्रॅव्हल्स भरून मित्र आले होते. दुसरा एकटा. क्राउड रिअ‍ॅक्शनला २० टक्के गुण होते. हे योग्य आहे का? (वाचक, इंदोरा)

उत्तर: नाही. प्रेक्षकांचा प्रतिसाद हा पंच बसल्याचा पुरावा असतो, म्हणून त्याला सादरीकरणाच्या आत जागा आहे. वेगळे वीस टक्के ठेवले की गुण मित्रसंख्येला मिळतात. जजने आरोळी किती मोठी हे ऐकू नये, कुठून आली ते पाहावं. समोरच्याच्या मित्रांनी तोंडावर हात ठेवला, समोरचा रॅपर स्वतः हसला किंवा मान हलवली, तर पंच लागला. आपल्याच गटाने ओळ पुरी व्हायच्या आत ओरडायला सुरुवात केली तर तिला काही किंमत नाही. आणि घट्ट विणलेल्या ओळीला बऱ्याचदा शांतताच मिळते, कारण लोक पुढची ओळ ऐकायला थांबलेले असतात. ती शांतता जजला ऐकू यायला हवी.

हा झगडा जुनाच आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबात कूल मो डी आणि बिझी बी हे दोन रॅपर समोरासमोर आले. बिझी बी गर्दीला डोलवण्यात वस्ताद होता. कूल मो डीने त्याच्यावरच, त्याच्या लिखाणावरच ओळींचा मारा केला. गर्दी खेळवणं आणि समोरच्याला शब्दांनी गाठणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या रात्रीपासून बॅटल रॅपमध्ये मानलं जातं.

प्रश्न: मध्येच ओळ विसरली तर किती गुण कापायचे? (जज म्हणून प्रथमच बसणारी शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर: आधी थांबा आणि अडकणं वेगळं करा. पंचाआधी दोन-तीन सेकंद थांबणं हे तंत्र आहे. जीभ अडखळली आणि त्याच श्वासात ओळ सावरली, तर सादरीकरणातून एखादा गुण, बस्स. पाच सेकंदांच्या वर नजर जमिनीकडे गेली, ‘एक मिनिट’ म्हटलं किंवा तीच ओळ पहिल्यापासून घ्यावी लागली, तर तो चोक. तिथे सादरीकरणाचे निम्मे गुण जावेत. मजकुराचे जेवढे ऐकू आले तेवढेच द्यायचे. ‘लिहिलं चांगलं असणार’ असं धरून देऊ नका.

फेरी चोक झाली म्हणजे आपोआप हरली असं मात्र नाही. ७० सेकंद सरस बोलून शेवटी अडकलेला रॅपर, पूर्ण ९० सेकंद सपक बोललेल्यापेक्षा पुढे असू शकतो. पहिल्या पंधरा सेकंदांत अडकला तर उरलेली फेरी बहुधा कोसळते, आणि ती घसरण खुणांमध्ये आपसूक दिसते, त्यासाठी वेगळी शिक्षा नको. विसरल्यावर त्याच क्षणावर ताजी ओळ रचून हॉल परत मिळवला, तर ती पलटवाराइतकीच मोलाची.

प्रश्न: दुसऱ्या क्रमांकावर बोलणाऱ्याला कायम फायदा मिळतो ना? (वाचक, महाल)

उत्तर: मिळतो. पहिल्या फेरीत पहिल्या स्पर्धकाला पलटवण्यासारखं काही ऐकूच आलेलं नसतं, आणि दुसऱ्याची शेवटची फेरी बिनउत्तरी राहते. बऱ्याच लीगमध्ये टॉसनंतरचा क्रम तिन्ही फेऱ्यांत तोच ठेवतात. जजने दोन गोष्टी पाळायच्या. पहिल्या फेरीत पहिल्याला पलटवार नाही म्हणून त्याचे गुण कापायचे नाहीत. ते पंधरा गुण नुसत्या नेमावरून ठरवायचे. आणि शेवटच्या फेरीत दुसऱ्याने नवा आरोप काढला, तर ओळ म्हणून गुण द्या, पण ‘याला उत्तर आलं नाही’ असं मनात धरू नका. उत्तर द्यायला वेळच उरला नव्हता.

तयार पलटवारही ओळखता यायला हवा. ‘तू जे म्हणालास ते मला लागलंच नाही’ ही ओळ घरी लिहून आणता येते. खऱ्या पलटवारात त्या रात्रीचं काहीतरी असतं: समोरच्याचा नेमका शब्द, त्याची अडखळ, स्टेजवर घडलेली गोष्ट. समोरचा काय बोलेल हे आधीच ताडून लिहून आणलेलं उत्तर मात्र पूर्ण ग्राह्य आहे. तो अभ्यास आहे.

प्रश्न: बरोबरी झाली तर? (वाचक, कामठी)

उत्तर: जज विषम नेमा, तीन किंवा पाच, मग बरोबरी क्वचित होते. स्पॅनिश फ्रीस्टाइल स्पर्धांत जजला तिसरा कौल असतो, ‘रेप्लिका’, म्हणजे दोघांना आणखी एक फेरी. तो ठेवायचा असेल तर एका लढतीत एकदाच आणि बहुतेक जजांनी मागितला तरच. जादा फेरी ६० सेकंदांची, पहिल्या बोलणाऱ्याचा क्रम उलटा आणि मजकूर ताजा. लिहून आणलेला साठा तीन फेऱ्यांत संपलेला असतो, त्यामुळे इथे विषय होस्टने चिठ्ठी काढून द्यावा. बीटवर घेणार असाल तर ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार मात्रांचा एक बार साधारण २.७ सेकंदांचा, म्हणजे १६ बार जवळपास ४३ सेकंदांत होतात. तेव्हा ‘१६ बार’ सांगा, ६० सेकंद नको. नाहीतर रॅपर बारच्या मध्यात तुटतो.

एक व्यवहाराची गोष्ट. कार्यक्रम मैदानावर असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो. फायनल ९ च्या आत सुरू करा. ९:५० ला जादा फेरीचा कौल आला आणि माईक बंद पडला, तर निकाल चिठ्ठीवर काढायची वेळ येते, आणि तो कुणीच मानत नाही.

प्रश्न: शिव्या, आई-बहीण, जात. रेषा कुठे ओढायची? (प्राध्यापक, अंबाझरी)

उत्तर: जातीवरची ओळ पूर्ण बंद. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि स्टेजवरचा रॅप त्यातून सुटत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे अशी ओळ ऐकून घेऊ नये. इथे दोन-चार गुण कापून भागणार नाही, होस्टने लढत थांबवावी. धर्म, अपंगत्व आणि समोरच्याच्या घरातला मृत्यू यांनाही हाच नियम लावा, आणि तो दोघांकडून आदल्या दिवशी सही करून घ्या.

शिव्यांचं वेगळं आहे. शिवीला दंड नाही, पण गुणही नाहीत. ती भरणाच असते, खुणेत ‘भ’. कुटुंबावरची ओळ त्या रॅपरच्या खऱ्या वागण्याशी जोडलेली असेल तर नेम म्हणून बघता येते, नुसतं नाव काढलं असेल तर नाही.

प्रश्न: एक जण झाडीपट्टीची बोली, दुसरा हिंदी बोलतो. जज पुण्याकडचे होते. (वाचक, उमरेड रोड)

उत्तर: जजला जे कळलं नाही त्याला तो शून्य देतो, आणि त्याला ते कळतही नाही. त्यामुळे दोन्ही स्पर्धकांची भाषा कानाने जगलेला किमान एक जज प्रत्येक पॅनेलवर हवाच. तिघांना दोन्ही येत असतील तर उत्तम. भाषेच्या निवडीला गुण नाहीत. ‘आपली बोली बोलला’ म्हणून वाढवायचे नाहीत आणि ‘शुद्ध नाही’ म्हणून कमी तर मुळीच करायचे नाहीत. नागपुरात एकाच ओळीत मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी येते. तो दोष मानू नये. भाषा बदलल्याने यमक किंवा दुसरा अर्थ साधत असेल तर ते मजकुराच्या गुणांत येऊ द्या.

प्रश्न: आमच्याकडे खडी गंमत (विदर्भातलं लोकनाट्य) पाहिलेली मंडळी म्हणतात, हे तर कलगी-तुऱ्याचंच आहे. (वाचक, भंडारा रोड)

उत्तर: नातं लांबून दिसतं. उगम मात्र वेगळा आहे. शाहिरांच्या त्या सवाल-जवाबात तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. तिथे जवाब न देता नवा सवाल टाकणं ही हार मानली जाते. बॅटल रॅपमध्ये समोरच्याचं न ऐकता आपलं लिहिलेलं म्हणून जाता येतं, नियमात ते बसतं. पण दोन लेखणीवाले बरोबरीत आले असतील, तर शाहिरांचा हा निकष जजने जरूर वापरावा: कुणाचे सवाल बिनजवाब राहिले? पुराणाचं ज्ञान आणि चालीची शुद्धता हे तिथले निकष इकडे आणू नयेत.

प्रश्न: जुन्या लढतीतली ओळ परत वापरली, हे निकालानंतर व्हिडिओवरून कळलं. (संयोजक, वर्धा रोड)

उत्तर: दुसऱ्याची ओळ उचलली असेल तर त्या फेरीचा मजकूर शून्य. स्वतःची जुनी ओळ असेल तर ती ओळ नेमातून वगळा, कारण जी ओळ दोन माणसांना लागू झाली ती कुणावरच नेमलेली नव्हती. तक्रारीला मुदत ठेवा: निकालानंतर ३० मिनिटं, व्हिडिओसह. त्यानंतर बक्षीस परत मागू नका.

प्रश्न: आवाजामुळे निकाल बदलू शकतो का? (साउंडवाला, इतवारी)

उत्तर: बीटशिवायच्या लढतीत नक्कीच. दोघांना एकाच बनावटीचे डायनॅमिक माईक द्या आणि एकच पातळी लावा, फेऱ्यांच्या मध्ये फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) हलवू नका. काही रॅपर माईकची जाळी मुठीत धरतात. त्याने मागून येणारा आवाज रोखण्याची माईकची क्षमता जाते, शिट्टी वाजते आणि शब्द घोगरे होतात. ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणजे श्लेष मेला. तालमीतच बोटं खाली घ्यायला सांगा. जजांना पहिल्या रांगेत गर्दीत बसवू नका. स्टेजच्या बाजूला, दोघांची तोंडं दिसतील असं टेबल आणि त्यांच्याकडे वळवलेला एक छोटा स्पीकर पुरतो. पत्र्याच्या छताच्या हॉलमध्ये आवाज कमी ठेवून स्पीकर वाढवा, नाहीतर घुमण्यात ओळीची शेवटची अक्षरं बुडतात, आणि यमक तिथेच असतं. एप्रिल-मेमध्ये डेझर्ट कूलर जजांच्या टेबलापासून निदान वीस फूट लांब ठेवा आणि फेरी चालू असताना बंद करा. नव्वद सेकंद उकाडा सहन होतो.